वीस मिनिटं रेस सोडायची नाही

पप्पा, जीप चालू झाली. आधी एवढंच सांगते, कारण पाल्हाळ तुम्हाला कधीच आवडायचं नाही. मी शाळेतून येऊन दप्तर टाकायच्या आत ‘पप्पा, आज ना काय झालं माहितेय’ असं सुरू केलं की तुम्ही हात वर करायचात. "बसलं का न्हाई बसलं, तेवढं सांग आधी. गोष्ट मागनं." तर बसलं, पप्पा. दसऱ्याला सकाळी तिसऱ्या सेल्फला इंजिनने स्टार्ट घेतला आणि तेव्हापासून जीप रोज चालतेय. नावड्याला दोनदा जाऊन आली. काल आईला दिवाळे गावच्या मासळीबाजारात घेऊन गेले, तिला ताजी सुरमई हवी होती, आणि येताना ती पुढच्या सीटवर मासळीची पिशवी मांडीवर धरून अशी बसली होती की सिग्नलला रिक्षावाले वळून बघत होते. आज सकाळी ऑइल काढलं, स्टीलच्या परातीत घेऊन उन्हात ठेवलं, लोहचुंबक फिरवला. थोडी करडी साय आली, तेवढी नव्या इंजिनला येतेच. चमकणारं काही नाही. एक कण नाही. मी परात घेऊन पार्किंगमध्ये एकटीच नाचले, आणि वॉचमनने विचारलं, ताई, काय सापडलं? मी म्हटलं, काहीच नाही सापडलं, म्हणून तर!

आता गोष्ट. माझं सगळं शिक्षण इंग्लिशमध्ये, तुम्हीच हट्टाने घातलंत, त्यामुळे कॅम, टॅपेट, ऑइल फिल्म हे सगळं माझ्या डोक्यात इंग्लिशमध्येच येतं. पण तुमच्याशी मी कधी इंग्लिशमध्ये बोलले नाही, त्यामुळे हे मराठीतच लिहितेय, बोलल्यासारखं. तुम्ही जीप आणलीत तेव्हा मी अकरा वर्षांची होते. मिलिटरीच्या डिस्पोजलमधली, पेट्रोलची, रंग उडालेली, नंबरपाट्यांच्या जागी नुसती भोकं. तुम्हाला साताऱ्याला गावच्या यात्रेला स्वतःच्या गाडीतून जायचं होतं, बस्स. तळोज्याच्या कंपनीत तुम्ही मेन्टेनन्स फिटर, दिवसभर पंप उघडायचे आणि बसवायचे, त्यामुळे जीपचं इंजिन दुसऱ्या कुणाला द्यायचा प्रश्नच नव्हता. दर रविवारी आपल्या बिल्डिंगखाली ताडपत्री अंथरलेली असायची. सारसोळ्याच्या कोळीवाड्याच्या बाजूने वारा आला की सुक्या मासळीचा वास आणि आपल्या रॉकेलच्या डब्याचा वास एकत्र व्हायचा. आजही कुठे रॉकेलमध्ये नटबोल्ट धुतले की मला उगाच बोंबील खावेसे वाटतात. मी भाजीच्या क्रेटवर बसून ब्रशने एकेक वॉशर घासतेय, तुम्ही वाकलेले, पाठीवर बनियन घामाने चिकटलेलं, आणि वरून आई ओरडतेय, "पोरीचे हात बघा काय झालेत, उद्या तिची परीक्षा आहे!" तुम्ही मान वर न करता म्हणता, "परीक्षाच चाललीय तिची."

त्याच वर्षी वाढदिवसाला तुम्ही मला फिलर गेज दिलंत. वर्गातल्या मुलींना बाहुल्या, कंपास, असलं काय काय मिळायचं. मला वर्तमानपत्रात गुंडाळलेली पोलादी पानं, पंख्यासारखी उघडणारी, प्रत्येक पान वेगळ्या जाडीचं. आई म्हणाली, "मुलीला असलं देतात का कुणी?" तुम्ही सगळ्यात पातळ पान माझ्या बोटात दिलंत आणि म्हणालात, "ह्याच्याशी फट मोजायची. आपल्याला वाटतंय त्येला काय किंमत न्हाई." मग टॅपेटच्या फटी मोजायला शिकवलंत: कॅमचं पुढे आलेलं नाक टॅपेटला ढकलतं, टॅपेट व्हॉल्व्ह उघडतो, आणि मध्ये केसाएवढी फट लागते. पान आत सरकवायचं, थोडं ओढून धरल्यासारखं लागलं की बरोबर. एकदा कंटाळून मी म्हटलं, "चालेल." तुम्ही पाना खाली ठेवलात. माझ्यावर तुम्ही कधी ओरडला नाहीत, त्या दिवशी पण नाही, पण आवाज असा खाली गेला की मला रडू आलं. "चालंल म्हंजे काय? चालतोय तर बैल पण. बसलं पायजे." मग आपण दोघांनी आठही फटी परत मोजल्या. तुम्ही आकडे इंजिनच्या बाजूला पांढऱ्या रंगाने लिहिलेत आणि प्रत्येक नटावर, नट हलला तर कळावं म्हणून, आईच्या लाल नेलपॉलिशची रेघ मारलीत. आईला ते आठवडाभर कळलं नव्हतं.

ऑइल तुम्ही निवडलंत तो दिवस पण आठवतो. तुम्ही कॅन उघडून एक थेंब पांढऱ्या बशीत टाकलात. "बघ, पानी हाय का ऑइल?" टर्बाइनचं ऑइल. तुमच्या कंपनीत सगळ्यात महागड्या मशीनला जे घालायचे ते. नव्या इंजिनला पहिलं पोटात जाईल ते सगळ्यात स्वच्छ हवं, हे तुमचं म्हणणं. आयुष्यभर पंप सांभाळणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार? मला तर तो थेंब अत्तरासारखा वाटला होता.

आणि मग तो दसरा. जीपच्या तोंडावर झेंडूचं जाडजूड तोरण, चाकांखाली लिंबं, बॉनेटवर हळदकुंकू, सगळी सोसायटी खाली. पहिल्या सेल्फला चालू! तुम्ही कार्बोरेटरच्या स्क्रूने मोठी रेस ठेवून वर अंघोळीला गेलात, नवा शर्ट घालून खाली आलात, तोपर्यंत आरती सुरू झाली होती आणि इंजिन इतकं हळू, इतकं शांत चाललं होतं की टाळ्या ऐकू येत होत्या. तुम्ही बॉनेटवर हात ठेवलात. तुमचा तो चेहरा मी आत्ता डोळे मिटले तरी बघू शकते. नंतर नारळ, पेढे, सेक्रेटरींचं छोटं भाषण, पोरांना एकेक करून सीटवर बसवणं. बंद करायचं कुणी नावच काढेना, पूजेच्या दिवशी गाडी बंद केली आणि परत नाही लागली तर? तासभर तरी जीप तशीच उभ्या उभ्या डुगडुगत होती.

दिवाळीला गावाला निघालो तर कळंबोलीच्या पुढे जाऊ शकलो नाही. कार्बोरेटरमधून फट-फट, ओढच नाही, आणि आतून टिक-टिक-टिक. टेम्पोच्या मागे दोरी बांधून परत आणली. सारसोळ्याच्या गॅरेजवाल्यांना बोलावलं, होड्यांची इंजिनं करणारे ते. त्यांनी झाकणं काढली, टॉर्च मारला, बोट घातलं आणि म्हणाले, "दोन कॅम गेले, गोल झालेत. टॅपेट टाईट ठेवलंस रे तू. पंप वेगला, गाडी वेगली." सगळ्यांसमोर. तुम्ही पाना उचललात. झाकणं परत लावलीत, ताडपत्री टाकलीत, दोरी बांधलीत. त्यानंतर तुम्ही इंजिनला हात लावला नाहीत. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात, कंपनीतच, शिफ्ट संपता संपता. आणि आईच्या मनात ते दोन कॅम आणि तुमचं जाणं एकमेकांना चिकटून बसलं, ते कायमचं.

दहा वर्षं जीप तिथेच. मी मेकॅनिकलला गेले, इंजिनं शिकले, पण त्या ताडपत्रीची दोरी सोडायचा धीर होत नव्हता. यंदा सोसायटीने नोटीस काढली. पार्किंगला पट्टे मारायचेत, दसऱ्यापर्यंत जीप स्वतःच्या चाकावर हलली नाही तर भंगारवाला नेणार. भंगारवाला बघून पण गेला, त्याने बंपरला टिचकी मारली तेव्हा मला त्याला चावावंसं वाटलं. आई म्हणाली, "जाऊ दे गं. रोज खिडकीतून दिसतं. माझ्याच्याने बघवत नाही." मी म्हटलं, "आई, दसऱ्यापर्यंत दे. नाही चालली तर मी स्वतः ढकलत नेऊन देईन." तिने कणकेचा गोळा परातीत आपटला. मग म्हणाली, "आणि परत तेच झालं तर? परत सगळ्यांसमोर?"

मी दोरी सोडली. झाकणं काढली. पप्पा, तुमची लाल रेघ आठही नटांवर तशीच होती, एक सुद्धा तुटलेली नाही. इंजिनच्या बाजूचे पांढरे आकडे पुसट झालेत, पण वाचता येतात. मी तुमचं फिलर गेज काढलं आणि मोजायला लागले. जे सहा कॅम शाबूत होते त्यांच्या सहाही फटी तुमच्या आकड्यांवर, अगदी तिथेच. हेड उतरवलं, व्हॉल्व्ह बघितले. टॅपेट टाईट असते तर व्हॉल्व्ह नीट मिटले नसते, कडा जळल्या असत्या. एक पण जळलेला नाही. चकचकीत! मी तशीच, हात काळे, चार मजले पळत वर गेले आणि आईला सांगितलं, "टॅपेट बरोबर होते! पप्पांचे टॅपेट बरोबर होते!" तिने गॅस बारीक केला आणि विचारलं, "मग गेलं कशाने?"

तेच मला काढायचं होतं, नाहीतर नवे कॅम पण त्याच वाटेने गेले असते. कुर्ल्याला सीएसटी रोडवर तीन चकरा मारून नवा कॅमशाफ्ट, म्हणजे आठही कॅम असलेला दांडा, आणि आठ नवे टॅपेट आणले. मग ऑइल. तुर्भ्याला ट्रक टर्मिनलजवळच्या दुकानात गेले, तर दुकानदाराने सोनेरी प्लॅस्टिकचा कॅन पुढे केला. "मॅडम, लेटेस्ट. नवीन गाड्यांना हेच." मी भुललेच होते. लेटेस्ट म्हणजे बेस्ट, आमच्या कॉलेजात पण सगळे असंच समजतात. शिवाय त्याने एक बाटली दाखवली, इंजिनला नवजीवन देणारी, आत मधासारखं जाड काहीतरी. मी म्हटलं, यात काय आहे? तो म्हणाला, "पॉवर आहे, मॅडम." म्हटलं, पॉवर सोडून काय आहे? त्याने बाटली उलटी-सुलटी केली आणि म्हणाला, "तुम्ही ना, फारच विचारता." दुसऱ्या दिवशी दुपारी कॉलेजच्या लायब्ररीत एका जाडजूड हँडबुकमध्ये मला ते पान सापडलं. सपाट बुडाचे टॅपेट कॅमच्या नाकावर घासतात. तिथे इतका दाब असतो की ऑइल त्या दोघांच्या मध्ये टिकतच नाही, बाहेर फेकलं जातं. तिथे लोखंडाला वाचवतं ते ऑइलमध्ये मिसळलेलं झिंकचं रसायन. दाब आणि गरमी मिळाली की ते लोखंडावर एक पातळ थर धरतं, आणि मग लोखंड लोखंडाला लागतच नाही, थर थराला लागतो. आईला मी हे सांगितलं तर ती लगेच म्हणाली, "म्हणजे बिडाचा तवा. मुरवल्याशिवाय पहिल्या दिवशी धिरडं घातलंस तर चिकटणारच." मी तिच्याकडे बघतच राहिले. चार वर्षांच्या डिग्रीत मला कुणी इतकं नीट सांगितलं नव्हतं.

पण कुठल्या ऑइलमध्ये किती झिंक, हे डब्यावर लिहिलेलं नसतं. म्हणून मी नावड्याला गेले, तुमच्या कंपनीतल्या लॅबवाल्या काकांकडे, तुम्ही ज्यांच्याबरोबर डबा खायचात. ते आता रिटायर व्हायला आलेत, केस सगळे पांढरे. मला बघून आधी ओळखलंच नाही, मग पिशवीतला जुना कॅमशाफ्ट बघून ओळखलं. म्हणाले, "तुझे पप्पा एकदा माझ्याकडे आले होते, मुरांब्याच्या बरणीत काळं ऑइल घेऊन. चमकत होतं नुसतं. मला विचारलं, साहेब, यात लोखंड किती आहे ते काढा, आणि माझी चूक किती आहे ते पण काढा." पप्पा, हे तुम्ही आम्हाला सांगितलं नाहीत. काका म्हणाले, "लोखंड काढून दिलं मी. दुसरं मला काढता आलं नाही. त्यांच्या कॅनमध्ये कुठलं ऑइल होतं, हे विचारायचं सुचलंच नाही."

या वेळी सुचलं. साहेबांची परवानगी घेऊन त्यांनी मला शनिवारी लॅबमध्ये बोलावलं. चार छोट्या चिनी मातीच्या वाट्या, चार ऑइलं, खाली बर्नर. सगळं जळून गेलं की मागे राख राहते, आणि झिंक राखेत राहतं. टर्बाइन ऑइलची वाटी पुसून ठेवल्यासारखी कोरी. काही नाही! तुमचं ते अत्तर, पप्पा, त्याच्यात कॅमसाठी काहीच नव्हतं. त्या मशीनला नको असतं, म्हणून घालत नाहीत. सोनेरी कॅनच्या वाटीत राख होती, पण आम्हाला हवं ते झिंक बेताचंच. काकांनी सांगितलं, नव्या गाड्यांच्या सायलेन्सरच्या आधी धूर साफ करणारा डबा असतो, झिंकबरोबर येणारा फॉस्फरस त्याला मारतो, म्हणून कंपन्या आता हात आखडतायत. आपल्या जीपला तो डबाच नाही. ट्रकवाल्यांच्या साध्या डिझेल ऑइलमध्ये झिंक भरपूर. आणि चौथी वाटी, सीएसटी रोडवरून आणलेल्या परदेशी बाटलीची, ज्याच्यावर झिंक असं सरळ लिहिलेलं होतं. राख आम्लात विरघळवून काका ब्यूरेटमधून, त्या खुणांच्या काचेच्या नळीतून, एकेक थेंब सोडत होते, रंग लालचा निळा होईपर्यंत; जितके जास्त थेंब तितकं जास्त झिंक. बाकीच्यांचे थेंब मी मोजले. बाटलीचे मोजायचं सोडून दिलं, ब्यूरेट रिकामी व्हायला आली. मी उड्या मारत म्हटलं, "काका, मग पूर्ण बाटली ट्रकच्या ऑइलमध्ये ओतते!" ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "आमटीत मीठ आधीच आहे, तू वरून बरणी ओतणार? जास्त झालं की तेच झिंक लोखंड खायला लागतं. बाटलीवरचा हिशोब दुसऱ्या ऑइलसाठी आहे." कागदावर मांडलं त्यांनी. पाव बाटली, ट्रकच्या ऑइलमध्ये, फक्त पहिल्या चालवण्यापुरती. कॅमच्या नाकांना मॉलीची, म्हणजे घासणं अडवणारी काळी पेस्ट, तव्याला तेल पुसतो तशी. आणि चालू झाल्या झाल्या वीस मिनिटं मोठी रेस. का, ते हँडबुकमध्येच होतं. या इंजिनमध्ये कॅमला ऑइलची वेगळी नळी नाही, क्रँक फिरताना उडतं तेच त्याला मिळतं. हळू चाललं की उडत नाही, आणि स्प्रिंग मात्र पूर्ण जोराने दाबत राहते. म्हणजे दसऱ्याच्या त्या एका तासात, पप्पा, कोऱ्या ऑइलवर, आरतीच्या तालावर, आपले दोन कॅम आपण सगळ्यांनी मिळून घासून टाकले होते.

इंजिन बांधायला गॅरेजवाल्यांकडेच जावं लागलं, इंजिन उचलायचा घोडा आणि चेन ब्लॉक त्यांच्याकडेच होता. "काय गो पोरी, कॉलेजात नापास झालीस काय?" मी म्हटलं, "नाही, तुम्ही झालात," आणि व्हॉल्व्ह त्यांच्या हातात दिले, तुमची नेलपॉलिशची रेघ दाखवली, माझ्या गेजने मोजलेले फटींचे आकडे दाखवले. त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी एकेका व्हॉल्व्हच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग नुसतं म्हणाले, "दसऱ्याला मी येतंय." त्याआधीच येऊन त्यांनी इंजिन बसवायला मदत केली. फटी मी मोजल्या, आठही, दोनदा. नटांवर लाल रेघा मी मारल्या, या वेळी आईला विचारून. कार्बोरेटरवरचा रेसचा स्क्रू लावून त्याच्यावर पण नेलपॉलिश लावलं. गॅरेजवाले म्हणाले, "त्याच्यावर कोन लावतं गो?" मी म्हटलं, मी लावते.

दसऱ्याला नियम मी केले. आरती आधी, नारळ आधी, पेढे आधी, इंजिन सगळ्यात शेवटी. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, पूजेत गाडी चालू पाहिजे ना, मुकीच कशी?" आई म्हणाली, "तवा तापायच्या आधी नैवेद्य दाखवा म्हणतेय ती. दाखवू या." आईच्या हातात गजराचं घड्याळ होतं. पहिला सेल्फ, नाही. दुसरा, नाही. सगळी सोसायटी खिडक्यांत, भंगारवाला पण आला होता, नोटिशीप्रमाणे. तिसरा सेल्फ आणि धडाड करून चालू! मी रेस धरून ठेवली. काय आवाज होता, पप्पा! पत्र्याच्या शेडवरचे कावळे उडाले. आई ओरडली, "पाच मिनिटं!" आठव्या मिनिटाला सेक्रेटरी आले, कानावर हात. "अहो, बंद करा, निदान हळू तरी करा, लोकांना त्रास होतोय!" मी नाही म्हणून मान हलवली, पाय तसाच दाबून धरला. दहाव्याला पाण्याचा काटा चढायला लागला. बाराव्याला लालच्या जवळ. सेक्रेटरी चावीकडे हात न्यायला लागले, आणि मला कळेना, हळू केलं तर कॅम जातो, नाही केलं तर इंजिन उकळतं. मी गॅरेजवाल्यांकडे बघितलं. ते पुढून ओरडले, "हवा नाय लागत! तोरान हाय, तोरान!" झेंडूचं तोरण रेडिएटरवर गच्च बसलेलं, तेव्हासारखंच. पण पूजेचं तोरण, कुणी हात लावेना. आई पुढे झाली. घड्याळ सेक्रेटरींच्या हातात दिलं, "हे धरा, आणि चावीला हात लावू नका," म्हणाली, आणि तोरण दोन्ही हातांनी ओरबाडून काढलं. झेंडू सगळीकडे उडाले. "पानी आना कोनीतरी!" तळमजल्यावरून कुणीतरी झाडांचा पाइप सोडला, गॅरेजवाल्यांनी रेडिएटरवर धार धरली, वाफेत आई ओलीचिंब, दसऱ्याची साडी पोटरीला चिकटलेली. काटा थांबला. मग हळूच खाली आला. सोळा, सतरा, आणि पप्पा, शेवटची मिनिटं सेक्रेटरी मोजत होते, मोठ्याने, "अठरा! एकोणीस!", आणि पोरं त्यांच्याबरोबर. वीसला मी रेस सोडली. इंजिन खाली आलं आणि एकसारखं, गोल चालत राहिलं. टिक नाही, फट नाही.

मी बंद केलं, ऑइल बदललं, झाकण काढून कॅमची उंची मोजणारं डायल गेज लावलं. एकेक कॅम फिरवत गेले. पहिला बरोबर. दुसरा बरोबर. तुमचे गेले होते ते दोन मी मुद्दाम शेवटी ठेवले. आठवा पण बरोबर, मी डायलवर बोट ठेवलं, गॅरेजवाल्यांनी वाकून स्वतः आकडा बघितला. सरळ उभे राहिले, हात पुसले आणि जिथे तेव्हा बोलले होते तिथेच, सगळ्यांसमोर, आईला म्हणाले, "वहिनी, त्याचं टॅपेट बरोबर व्हतं. मी बोललो ते चुकीचं व्हतं." आईने पदर पिळला, त्यांना पेढा दिला, आणि मग एकदम मोठ्याने हसली. दहा वर्षांत मी तिला तशी हसताना ऐकलं नव्हतं. भंगारवाल्याला पण पेढा मिळाला.

पुढच्या महिन्यात साताऱ्याला जातोय, यात्रेला. आईने गावी फोन करून कळवलं पण, "आम्ही आमच्या गाडीने येतोय."

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीये. जीपच्या टूलबॉक्समध्ये फिलर गेजखाली राहील. म्हणून एक गोष्ट लिहून टाकते, जी आईला, काकांना, कुणालाच सांगितलेली नाही. त्या पहिल्या दसऱ्याला तुम्ही वर अंघोळीला गेलात तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, आरती ऐकू येत नाही, कुणीतरी आवाज कमी करा. सगळे तुम्हाला शोधत होते, आणि मला दाखवायचं होतं की मला येतं. तुम्ही नवा शर्ट घालून खाली आलात, बॉनेटवर हात ठेवलात आणि मला म्हणालात, "बघ पोरी, आपोआप बसलं." मी मान हलवली. आपोआप नव्हतं, पप्पा. तुमचा छोटा स्क्रूड्रायव्हर माझ्या फ्रॉकच्या खिशात होता.